रब्बीसाठी हेक्टरी दहा हजार: मदत योग्य, पण ज्वारीची पेरणी हुकली

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि लगतच्या भागात सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा या नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या आणि काढणीला आलेलं सोयाबीन जागच्या जागी कुजलं. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात बुडालेल्या पिकाची भरपाई होती, खरवडून गेलेली जमीन, दगावलेली जनावरं आणि पडलेली घरं यांचे पैसे होते. शिवाय पुढच्या पिकासाठी एक स्वतंत्र रक्कम होती: रब्बीचं बियाणं आणि पेरणीखर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये, ३ हेक्टरांच्या मर्यादेत. हे परीक्षण मुख्यतः त्या दहा हजारांचं आहे, आणि त्याच काळात संस्था-मंडळांनी गावोगाव वाटलेल्या बियाण्याच्या पिशव्यांचं.

आधी निकाल सांगतो. बियाणं न वाटता रोख रक्कम खात्यात टाकली, हे फार चांगलं केलं. रक्कम ज्वारीला पुरून उरते, गव्हा-हरभऱ्याला कमी पडते. वेळेच्या बाबतीत मात्र ही मदत नापास आहे. ज्या पिकावर घराची भाकरी आणि दावणीची वैरण दोन्ही चालतात, त्या रब्बी ज्वारीची पेरणी पैसे येईपर्यंत हातची गेली होती.

आकड्यांचा घोळ

पॅकेज जाहीर झालं तेव्हा कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,००० आणि बागायतीला ३२,५०० रुपये असे आकडे सगळीकडे फिरले. यात रब्बीचे दहा हजार धरलेले आहेत. आपत्ती निधीच्या निकषाने मिळणारी मूळ भरपाई अनुक्रमे ८,५००, १७,००० आणि २२,५०० रुपये, त्यावर हे १०,०००. बऱ्याच जणांनी १८,५०० आधी आणि रब्बीचे दहा हजार त्याउपर, असा हिशेब केला आणि त्या भरवशावर कृषी सेवा केंद्रात उधारी केली. पुढे खात्यात दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळ्या रकमा आल्या, तेव्हा कुठली कशाची हे कळेना. पासबुकात फक्त रक्कम दिसते, कारण दिसत नाही. जाहीर करतानाच ‘साडेआठ आताचे, दहा पुढचे’ असं सोप्या भाषेत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं असतं तरी निम्मा गोंधळ टळला असता.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात हे दहा हजार म्हणजे एकरी ४,००० रुपये. ते कशाला पुरतात ते पाहू. भाव गावागणिक बदलतात, तेव्हा आकडे ढोबळ धरा.

ज्वारीला एकरी ४ किलो बियाणं लागतं. सुधारित वाणाचं घेतलं तरी पाच-सहाशे रुपयांत काम होतं. कुळवणी, पेरणी आणि युरियाची ४५ किलोची गोणी (२६६ रुपये ५० पैसे) धरूनही चार हजारांत बसतं. हरभऱ्याचं गणित वेगळं. विजयसारख्या मध्यम दाण्याच्या वाणाला एकरी २५ ते २८ किलो बियाणं, टपोऱ्या दाण्याच्या वाणाला ४० किलोपर्यंत. म्हणजे बियाण्यालाच अडीच-तीन हजारांपासून पुढे. डीएपी खताची एक गोणी १,३५० रुपयांना. इथेच चार हजार संपले, आणि ट्रॅक्टर अजून शेतात आलेला नाही. गव्हाला एकरी ४० किलो बियाणं, उशीर झाला तर ५० किलो. त्यात पाण्याच्या पाळ्या. मोटार पुरात गेलेली असेल तर गहू पेरायचं बोलूच नका.

स्वस्तात उभं राहणारं आणि खायला उपयोगी पीक ज्वारीच, आणि तीच हुकली.

तारखांचं काय झालं

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची रब्बी ज्वारीसाठी शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे. त्यामागे कारण आहे. कोरडवाहू ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते, तिला वरून पाणी नसतं. शिवाय उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते. रोप उगवल्यापासून महिनाभर धोका असतो. माशी पानाच्या खालच्या बाजूला पांढरं, लांबट अंडं घालते, अळी पोंग्यात (रोपाच्या मधल्या कोवळ्या शेंड्यात) शिरते आणि मधला पोंगा वाळतो. तो ओढला की अलगद हातात येतो, बुडाशी कुजका वास येतो. ही पोंगेमर एकदा सुरू झाली की फवारून फारसं हाताला लागत नाही. पेरण्यापूर्वी बियाण्याला थायामेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया करणं आणि वेळेत पेरणं, हेच खरे उपाय.

आता पॅकेजच्या तारखा शेजारी ठेवा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पाऊस चालूच. ७ ऑक्टोबरला घोषणा. पंचनामे, याद्या, मंजुऱ्या यात ऑक्टोबर गेला. भरपाईचे पैसे काहींना दिवाळीच्या आसपास मिळाले, रब्बीची रक्कम बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर उजाडल्यावर जमा झाली. तोवर ज्वारीची मुदत संपलीच होती, कोरडवाहू हरभऱ्याचीही (२० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर) निघून गेली होती. उरला तो ओलिताचा हरभरा, २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, आणि गहू, १ ते १५ नोव्हेंबर. उशिराचा गहू १५ डिसेंबरपर्यंत चालतो, पण पेरणी जितकी लांबते तितका उतार (उत्पादन) घटत जातो.

एक गोष्ट सरकारच्या बाजूने सांगायलाच हवी. पैसे १ ऑक्टोबरला मिळाले असते तरी नदीकाठच्या काळ्या रानात वापसा (पेरता येईल इतपत सुकलेली ओल) नव्हता. तिथे ज्वारी कोणालाच पेरता आली नसती. पण माळावरच्या, मुरमाड आणि मध्यम जमिनीचा निचरा लवकर होतो. त्या रानात ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिफण (पेरणीचं औत) चालली असती. फुले माऊली किंवा फुले अनुराधा ही हलक्या जमिनीची, फुले सुचित्रा ही मध्यम जमिनीची वाणं नेमकी अशाच रानासाठी आहेत. हातात एकरी सहाशे रुपये हवे होते, तेव्हा ते नव्हते. पुढच्या वेळी पंचनाम्याची वाट न पाहता, अतिवृष्टी नोंदलेल्या महसूल मंडळातल्या प्रत्येक खातेदाराला ज्वारीपुरती उचल पहिल्या आठवड्यातच द्यावी आणि नंतर मूळ रकमेतून वळती करावी. मंडळनिहाय पावसाचे आकडे दुसऱ्या दिवशीच हाती असतात.

याचा खाण्याशी काय संबंध, ते शहरातल्या वाचकांसाठी थोडं उलगडतो. मराठवाड्यात खरिपात सोयाबीन हे पैशाचं पीक. त्यातून दुकानाची उधारी, शाळेची फी, किराणा भागतो. घरात खायचं धान्य येतं ते रब्बीच्या ज्वारीतून. एकरी चार क्विंटल उतार धरला, तर दिवसाला दोन किलो पीठ लागणाऱ्या पाच माणसांच्या घराची दोनशे दिवसांची भाकरी एका एकरात निघते. कडबा, म्हणजे जनावरांसाठी वाळलेली ताटं, वेगळा. दोन्ही हंगाम गेले तर रेशन उरतं. पण मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डावरच्या शेतकरी कुटुंबांना धान्य मिळत नाही, त्याऐवजी माणशी महिन्याला १७० रुपये खात्यात येतात. ज्वारीचा भाव चढलेल्या वर्षी त्यात किती दिवस निघतील याचा हिशेब घरची बाई क्षणात सांगेल. म्हणून रब्बीची मदत शेतीखात्याची वाटली तरी ती स्वयंपाकघराची आहे.

वैरणीचंही तेच. ज्वारी गेली की कडबा गेला, आणि पुरात गंजी भिजून बुरशी धरलेली. बुरशी लागलेला चारा घालून जनावर आजारी पाडू नका; तो खताच्या खड्ड्यातच टाका. हाताशी पाणी असेल तर आफ्रिकन टॉल मका हा सगळ्यात जलद मार्ग आहे: एकरी ३० किलो बियाणं, साठ-पासष्ट दिवसांत दाणा दुधात असताना कापणी. उशिरा कडवळ (चाऱ्याची ज्वारी) पेरलं असेल तर कोवळं, गुडघ्याएवढं असताना जनावरं त्यात सोडू नयेत, विषबाधा होते. दीड महिना उलटून फुलोऱ्यावर येऊ द्यावं.

वाटपातल्या पिशव्या

पुरानंतर पुण्या-मुंबईतल्या गृहसंस्था, गणेश मंडळं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, कंपन्यांचे निधी, सगळ्यांनी मदत पाठवली. किराण्यानंतर सर्वांत जास्त वाटलं गेलं ते बियाणं. भावना मोलाची आहे, आणि पैसे येईपर्यंतची पोकळी भरायला या पिशव्याच सगळ्यांत वेगवान ठरू शकतात. पण पिशवीत काय आहे यावर सगळं अवलंबून असतं.

सर्वसाधारण पिशवीत हरभरा, गहू आणि थोडा भाजीपाला असतो. अडचण प्रमाणाची. १० किलो हरभऱ्यात एक एकरही पेरून होत नाही, मग शेतकरी ते दाट-विरळ फेकतो किंवा सरळ डाळ करून खातो. उपाशी घरात पेरायचं धान्य शिजणारच, त्यात त्याचा दोष नाही. म्हणूनच बियाण्यासोबत महिनाभराचं खायचं धान्य द्यावं, तरच बी मातीत जातं. दुसरी अडचण वाणाची. बाजारातून उचललेला खायचा हरभरा ‘बियाणं’ म्हणून भरलेला असतो, तेव्हा तो उगवेल किती आणि मर रोगाला टिकेल का, याची काही खात्री नसते.

पिशवी हातात आली की टॅग बघा. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, पांढरा पायाभूत बियाण्याचा. सत्यप्रत बियाण्याला (प्रमाणीकरण नसलेलं, उत्पादकाच्याच हमीवरचं) हिरवं लेबल असतं. टॅगवर पीक, वाण, लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वैधता असते. उगवणक्षमता गहू आणि हरभऱ्याला किमान ८५ टक्के, करडईला ८०, ज्वारीला ७५, सोयाबीनला ७० असायलाच हवी. टॅग नसेल तर पेरणीआधी घरी तपासा. न निवडता, सरसकट शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. आठवड्याने मोजा. नुसता मोड आलेला दाणा धरू नका. मूळ आणि कोंब दोन्ही सरळ, निरोगी असतील तेच मोजायचे. सत्तर निघाले आणि हवे पंच्याऐंशी, तर बियाणं त्या प्रमाणात वाढवा. साठच्या खाली गेलं तर ते खायला ठेवा.

आमच्या मते एका एकरासाठी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वाटायची पिशवी अशी असावी: ज्वारी ४ किलो, जमिनीच्या पोताप्रमाणे वाण निवडलेलं, काणी या बुरशीजन्य रोगासाठी ३०० मेश गंधकाची पुडी (किलोला ४ ग्रॅम), जिवाणू संवर्धकाचं एक पाकीट, आणि अर्ध्या पानावर छापलेली मराठी सूचना. एवढंच. वजन पाच किलोच्या आत, खर्च हजाराच्या आत, एका टेम्पोत सबंध गावाचा माल जातो. नोव्हेंबरात वाटायची असेल तर हरभरा द्या, पण एका एकराचा पुरता २८ किलो, सोबत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) आणि रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू). दहा घरांना अर्धवट देण्यापेक्षा चार घरांना पुरतं द्यावं. गावात कोणाला निवडायचं हा वाईट प्रश्न असतो, पण तो ग्रामसभेत उघडपणे सोडवावा लागतो.

ट्रायकोडर्मावर इतका भर का? पूर गेलेल्या रानात सोयाबीनचा कुजलेला पाला-मुळं मातीतच असतात, ओल भरपूर, आणि त्यात घाईने टोचलेला हरभरा. मानकुजव्या आणि मूळकूज यांना याहून चांगलं घर नाही. रोपं उगवून वीतभर होतात आणि जमिनीलगत कुजून माना टाकतात. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा आधी चोळा, मग रायझोबियम (१० किलोला २५० ग्रॅम), सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते सगळ्यांत आधी लावून सुकवायचं, जिवाणू सगळ्यांत शेवटी. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी लावलं तर औषध ट्रायकोडर्मालाच मारतं. अशा पिशव्यांत ही एक ओळ छापलेली क्वचितच सापडते.

पेरणीची घाईही नडते. वितीएवढ्या खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वापसा आला. चिखलासारखा पसरला तर थांबा. ओल्या काळ्या रानात रोटाव्हेटर घातला की वर पापडी, खाली घट्ट थर आणि सुकल्यावर विटेसारखी ढेकळं. त्या रानात हरभरा एकसारखा उगवत नाही.

पैसे अडतात कुठे

यादीत नाव आहे, शेजाऱ्याचे पैसे आले, आपले नाहीत. याची कारणं ठरावीक आहेत. पहिलं, ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक. तो असलेल्यांची रक्कम थेट जमा झाली. नसलेल्यांना यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागली. पुरात कागद गेलेल्या, अंगठ्याचे ठसे न उमटणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची इथे फार परवड होते. दुसरं, खातं आधारशी ‘जोडलेलं’ असतं, पण थेट लाभ कोणत्या खात्यात यावा यासाठी बँकेत आधारची स्वतंत्र नोंद (सीडिंग) करावी लागते आणि पैसे शेवटचं सीडिंग झालेल्या खात्यात जातात. अनेकदा रक्कम आलेली असते, ती दुसऱ्याच बँकेतल्या विसरलेल्या खात्यात. तेव्हा तक्रार करण्याआधी बँकेत आधार कोणत्या खात्याला जोडलेला आहे ते विचारा. तिसरं, सामाईक खातं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि एखादा भाऊ सुरतेला किंवा ऊसतोडीला गेलेला असतो. चौथं, वारसनोंद राहिलेली. मयताच्या नावावर पैसे मंजूर होतात आणि तिथेच थांबतात.

मदतीची रक्कम कर्जखात्यात वळती करू नये, अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांत असते. तरी खात्यावर होल्ड लागला असेल तर त्या निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलला द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्याने होल्ड निघत नाही.

या मदतीचं सगळ्यांत मोठं भगदाड वेगळंच आहे. पैसा सातबाऱ्याच्या मागे जातो, तिफणीच्या मागे नाही. बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरावीक रकमेवर) दुसऱ्याचं रान करणाऱ्याने बियाणं, खत, मजुरी घातलेली असते आणि भरपाई, रब्बीची रक्कम दोन्ही मालकाच्या खात्यात पडतात. समजूतदार मालक वाटणी देतो, सगळेच देत नाहीत. भूमिहीन मजुराला तर या रकमेतलं काहीच मिळत नाही, आणि काढणीच बुडाल्यामुळे त्याची मजुरीही बुडालेली असते. संस्थांच्या पिशव्या आणि धान्य आधी या दोन घरांत जायला हवं, कारण सरकारी रक्कम तिथे पोचणार नाही हे आधीपासून माहीत असतं.

जमिनीच्या पैशांबद्दल थोडक्यात. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ बसला असेल तर अल्प-अत्यल्प भूधारकाला तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये मिळतात. जमीन खरवडून गेली असेल तर ४७,००० रोख, आणि पॅकेजमध्ये रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं. पंचनाम्याच्या वेळी गाळात टेप उभी धरून, सातबाऱ्याचा गट क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवा. ‘गाळ आला’ एवढंच लिहिलं गेलं आणि जाडी नोंदली नाही, की दावा लटकतो. रोजगार हमीचे ३ लाख कागदावर मोठे दिसतात, पण जॉबकार्ड, कामाचा आराखडा, मंजुरी असा लांब रस्ता आहे. पहिल्या रब्बीच्या आत त्यातून माती परत येत नाही.

आणि एक काम पॅकेजमध्ये राहून गेलं: पुढच्या खरिपाचं सोयाबीन बियाणं. मराठवाड्यात घरचं बियाणं राखण्याची पद्धत मोठी आहे आणि पावसात सापडलेलं, काळं पडलेलं सोयाबीन बियाण्याच्या लायकीचं राहत नाही. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांनी १५ डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत एखाद्या एकरावर उन्हाळी सोयाबीन बियाण्यासाठी घ्यावं. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवावेत, दाण्याचं साल फुटलं की उगवण गेली. पोती पाच-सहापेक्षा जास्त थरांत रचू नयेत, खाली लाकडी फळ्या टाकाव्यात. मे महिन्यात गोणपाटाची चाचणी घ्यावी आणि ७० च्या वर निघालेलं बियाणं गावातच अदलाबदलीने द्यावं. संस्थांना खरिपासाठी पैसे खर्च करायचे असतील तर जूनमध्ये पिशव्या विकत घेऊन वाटण्यापेक्षा डिसेंबरात अशा शेतकऱ्याला पायाभूत बियाणं आणि डिझेलचा खर्च द्यावा.